सुनंदाताईंच्या सहा गाड्या

सुनंदाताई सोनकांबळे यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. मागच्या सीटवरसुद्धा त्या नाइलाज असेल तरच बसत, आणि बसल्या की सीटमागचा दांडा असा घट्ट धरत की उतरल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागे. पण आंध्र राज्याची वाटणी झाली त्या वर्षांत आमच्या रक्तपेढीच्या सहा मोटारसायकली रस्त्यावर धावत राहिल्या त्या या बाईंमुळे. मी तेव्हा तिथे नोंदणीच्या टेबलावर होतो. ताईंना इंग्रजी वाचायला चांगलं येई, लिहायला कंटाळा. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत लिहायचो. त्यामुळे यातलं बरंचसं माझ्यासमोर घडलं.

आमची रक्तपेढी एका विश्वस्त संस्थेची, हैदराबादेत नामपल्ली स्टेशनच्या मागच्या एका गल्लीत. मोठ्या दवाखान्यांची स्वतःची सोय असते. आमच्याकडून रक्त जायचं ते छोट्या नर्सिंग होमना, दिलसुखनगर, मलकपेट, चादरघाट असं. चारचाकी त्या गर्दीत अडकून पडते, म्हणून थंड पेटी पाठीला बांधून मोटारसायकलवाले जात. आधीच्या गाड्या जुन्या झाल्या तेव्हा एका देणगीदारांनी सहा नव्या दिल्या. साधी वस्तू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तरुण मुलं हौसेने घेतात तसल्या त्या गाड्या, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या. पुढे बारकासा रेडिएटर आणि त्यात इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट. हार घातले, फोटो झाले. हवेवर थंड होणाऱ्या साध्या गाड्या दिल्या असत्या तर मला हे काही लिहावं लागलं नसतं.

वाटणीनंतर आमचे वाहतूक बघणारे गृहस्थ बायकामुलांसह विजयवाड्याला निघून गेले. ती जागा कुणाला नको होती, कारण त्यात श्रेय नाही आणि शिव्या भरपूर. त्याच सुमाराला सुनंदाताईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. वीस वर्षं प्रयोगशाळेत रक्तगट जुळवून बघण्याचं काम त्यांनी केलं होतं, पण आता सूक्ष्मदर्शकावर डोळा टिकेना. आमचे संचालक डॉक्टर म्हणाले, "मॅडम, महिनाभर वाहतूक बघता का? नवा माणूस मिळेपर्यंत."

"बघते," ताई म्हणाल्या. "पण गाडीच्या बरोबर जी पुस्तकं आली असतील ती मला द्या."

सहा गाड्यांची सहा पुस्तकं, एकही कुणी उघडलेलं नव्हतं. ताईंनी एक घरी नेलं आणि चार दिवसांनी परत आणलं, तेव्हा त्यात कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या होत्या.

ताईंचं मूळ नांदेडकडचं, वडील पोस्टात नोकरीला म्हणून हैदराबादेत आलेले. बौद्ध कुटुंब, पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून कामावर येत आणि त्या दिवशी डब्यात खीर असे, ती सगळ्यांना मिळे. एरवी डबा म्हणजे ज्वारीची भाकरी, काहीतरी कोरडी भाजी आणि ठेचा. तो त्या उभ्यानेच खात, खिडकीपाशी. मी विचारलं तर म्हणाल्या, "लॅबमध्ये बसून खायची मनाई होती. सवय लागली ती लागली."

दुसरी सवय वाचायची. हातात आलेली प्रत्येक वस्तू त्या उलटी करत. बिस्किटाचा पुडा, साबण, डासांची उदबत्ती, रंगाचा डबा. पुढचं नाव त्या बघतच नसत. मागे बारीक अक्षरात काय छापलंय, कधी बनवलं, कुणी बनवलं, कुठल्या खेपेचं, हे वाचत. चष्मा कपाळावर सरकवून, वस्तू नाकाशी नेऊन. वाचून झालं की ठेवून देत. एकदा मी त्यांना हसलो तेव्हा म्हणाल्या, "नाव पुढं असतंय, माल मागं असतोय. वीस वर्षं पिशव्यांवरचं वाचायले मी. एक आकडा चुकला तर माणूस जातोय." आणि तिसरी सवय, जिच्यामुळे त्या अनेकांना नकोशा झाल्या, ती म्हणजे 'लिहून द्या' म्हणण्याची. कुणी काही अडचण सांगितली, नियम सांगितला, नकार दिला, की ताई शांतपणे म्हणत, "बरं. एवढं लिहून द्या." निम्म्या अडचणी तिथेच संपत.

त्या आल्यावर महिनाभरातच मे लागला, आणि एका दुपारी वाजिदची गाडी चादरघाटच्या पुलाजवळ उकळली. वाजिद आमचा सगळ्यात जुना चालक, चाळिशीचा, शांत माणूस. पेटीत दोन पिशव्या होत्या. दिलसुखनगरच्या एका नर्सिंग होममध्ये बाळंतपण झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. वाजिदने गाडी कडेला टाकली, पेटी उचलली आणि रिक्षा शोधत निघाला. त्या उन्हात रिक्षावाले थांबेनात. तो पोहोचला तेव्हा पाऊण तास जास्त गेला होता. बाई वाचली, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या डॉक्टरांना फोनवर जे ऐकवलं ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकट्या बसने दिलसुखनगरला गेल्या. त्या बाळंतिणीला बघून आल्या. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. आल्या आणि आवारात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेल्या. मला हाक मारली, "अनंता, कागद घेऊन ये." मग वाजिदला विचारलं, "ह्यात तू काय ओतत होतास?"

"पानी, मॅडम."

"कसलं पाणी?"

"बोर का. और क्या. शोरूमवाले बोलते कूलंट नै है, बाद में आओ. गाडी तो चलानाच है ना."

"किती दिवस?"

वाजिदने मान खाली घातली. "मार्च से."

"सगळ्यांच्या गाडीत?"

"हौ. सब के."

मला वाटलं आता ताई चिडतील. त्या म्हणाल्या, "तुझी चूक नाही. तुला दुसरं काही दिलंच नव्हतं कुणी." आणि मला म्हणाल्या, "लिही. सहाही गाड्यांत बोअरचं पाणी."

आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे चहाच्या पातेल्याला आठवड्यात पांढरा थर. त्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय केलं असेल ते ताईंना सांगावं लागलं नाही.

त्याच दुपारी आम्ही शोरूमला गेलो. काचेची मोठी इमारत, आत गारवा. सर्व्हिस मॅनेजर तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, काय करू, राज्याचं बायफर्केशन झालंय. कंपनीने डेपो बदलला, आमचा माल आता दुसरीकडून येणार. कोड नवे, कागद नवे. कूलंट नाही, वॉटर पंपाचे भाग नाहीत. तीन आठवडे धरा. जास्तही लागतील."

"तोवर बाहेरचं चांगलं कूलंट घातलं तर?"

"अजिबात नको. आमचंच पाहिजे. बाहेरचा एक थेंब गेला तर वॉरंटी संपली."

"तुमच्यात असं काय असतं जे बाहेरच्यात नाही?"

तो हसला. "जेन्युइन असतं, मॅडम."

ताईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, पट्टी खोचलेलं पान उघडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तिथे कूलंट कुठल्या जातीचं हवं, ॲल्युमिनियमच्या इंजिनाला चालणारं, गंज रोखणारं, हे लिहिलं होतं, आणि पुढे 'किंवा समान दर्जाचं' असे शब्द होते. "हे तुमच्या कंपनीनंच छापलंय," ताई म्हणाल्या. "तरी तुम्ही नको म्हणताय. हरकत नाही. दोन गोष्टी लिहून द्या. तुमच्याकडे माल नाही, आणि तो येईपर्यंत आम्ही रक्त पोहोचवणं बंद ठेवावं."

मॅनेजरने पान वाचून पुस्तक परत सरकवलं. मग म्हणाला, "दुसरं कसं लिहिणार?"

"मग पहिलंच द्या."

ते त्याने दिलं. शिक्का मारून. रस्त्यावर आल्यावर ताईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता बाजारात."

सुलतान बाजार ओलांडून पुतलीबावलीकडे गेलं की सुट्या भागांची दुकानं लागतात, एकाला एक चिकटून, दारात टायर, साखळ्या, आरसे टांगलेले. ताई एकेका दुकानात शिरत, कूलंटचा डबा मागत, उलटा करत, वाचत आणि परत ठेवत. चौथ्या की पाचव्या दुकानदाराला दया आली असावी. तो खाली वाकला आणि टेबलाखालून शोरूमच्याच नावाचे चमकदार डबे काढले. "मॅडम, ये लो. ओरिजिनल. शोरूम में भी नै मिलरा."

मला आनंद झाला. ताईंनी पाच डबे ओळीत मांडले आणि प्रत्येकाचं बूड बघितलं. झाकणाची सीलची पट्टी नखाने उचकटून पाहिली. ती न तुटता वर आली. मग दुकानदाराला म्हणाल्या, "पाचही डब्यांवर खेपेचा नंबर नाही. बनवल्याची तारीख नाही. नाव तेवढं छान छापलंय." त्याने डबे परत खाली ठेवले.

शेवटी यूसुफभाईंचं दुकान सापडलं. साठीचे, पांढऱ्या दाढीचे, चष्म्याला दोरी लावलेले यूसुफभाई. त्यांनी एक साधा निळा डबा पुढे केला. नाव आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. ताई तो बराच वेळ वाचत राहिल्या. घटक होते, मानकाचा क्रमांक होता, खेपेचा नंबर, तारीख, कारखान्याचा पत्ता, आणि किती पाण्यात किती मिसळायचं ते. शिवाय 'फक्त ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी वापरा' असंही.

"ट्रकवाले लेते, फौजी गाड्यांवाले लेते," यूसुफभाई म्हणाले. "नाम नै है इसका, काम है. मेरी बात पे भरोसा रखो."

"तुमच्या बोलण्यावर नाही, डब्यावर ठेवते," ताई म्हणाल्या. यूसुफभाईंना याचा राग यायला हवा होता. ते उलट खूश झाले आणि स्टूल पुढे केलं.

त्याच दिवशी यूसुफभाईंनी ताईंना एक गोष्ट शिकवली. वॉटर पंपाचं बेअरिंग मागितलं तेव्हा ते म्हणाले, "गाडीचं नाव सांगू नका, नंबर सांगा." बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. बेअरिंग बनवणारे वेगळे, गाडी बनवणारे वेगळे. शोरूमच्या पुडीत जे निघतं त्यावर आणि बाजारात सुटं मिळतं त्यावर, दोन्हीवर बनवणाऱ्याचं तेच नाव आणि तोच नंबर. ताईंनी पर्समधून भिंग काढून ते दोनदा बघितलं. परतताना बसमध्ये त्या बेअरिंग बोटांत फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "एवढी साधी गोष्ट. कुणी सांगत नाही बघ."

आमचे डॉक्टर मात्र हे ऐकून घाबरले. ते चांगले गृहस्थ होते, पण देणगीदारांना दुखवायची त्यांना भीती वाटे. "मॅडम, इंजिन बसलं तर? लोक म्हणतील, दान मिळालेल्या गाड्यांत बाजारचं काहीबाही घातलं."

ताईंनी मला बसवलं आणि पत्र सांगितलं. ते छोटं होतं. शोरूमकडे माल नाही, त्याचा कागद सोबत. गाडीच्या पुस्तकात समान दर्जाचं कूलंट चालेल असं लिहिलंय, ते पान सोबत. ब्रेकचे भाग मात्र शोरूमचेच वापरले जातील, त्यात बदल नाही. बाकी भाग तपासून बाहेरचे घेतले जातील. यातून काही बिघाड झाल्यास जबाबदारी पूर्णपणे माझी, चालकांची नाही.

"ताई, शेवटचं वाक्य काढू या का?" मी म्हणालो. त्यांच्या नोकरीची सहा-सात वर्षं राहिली होती.

"का?"

"उद्या काही झालं तर तुमच्यावर येईल."

"मग कुणावर यायला पाहिजे? वाजिदवर?" त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि सही केली. "लिहायचं ते पुरतं लिहावं, अनंता."

रविवारी सकाळी सहाही गाड्या आवारात उभ्या केल्या. इंजिनं थंड होती. गल्लीतला एक मेकॅनिक बोलावला होता, आणि दुसरा चालक नरसिंह त्याला मदत करत होता. प्रयोगशाळेतून ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन आले, रीतसर मागणीची चिठ्ठी देऊन. जुनं पाणी सोडलं तेव्हा खालच्या घमेल्यात गंजाचा लाल गाळ आणि पांढरे कपचे पडले. ताईंनी एक कपचा बोटांत धरून चुरडला. वाजिद बाजूला उभा होता. त्याला त्यांनी तो दाखवला. सगळी यंत्रणा तीनदा धुतली. मगच नवं कूलंट मापून मिसळून भरलं. ते निळ्या डब्यातलं लाल होतं, आणि शोरूमच्या एका डब्याच्या तळाशी राहिलेलं थोडं जुनं हिरवं त्यातच ओतावं असं मेकॅनिकचं म्हणणं. ताई म्हणाल्या, "नाही. ए आणि बी एकत्र करत नाहीत." आमच्याकडच्या सगळ्यांना ते एका झटक्यात कळलं.

प्रत्येक गाडीचं त्यांनी कार्ड केलं. रक्तदात्यांची जुनी कोरी कार्डं पडून होती, तीच वापरली. रक्तगटाच्या चौकटीत कूलंटची जात लिहिली. खाली काय बदललं, कधी, कुठून आणलं, कुणाच्या हाताने बसवलं.

तो उन्हाळा निघाला. एकही गाडी उकळली नाही.

आता हे सगळं ताईंच्या बाजूने जातंय असं वाटेल, म्हणून रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यानंतर नरसिंहच्या गाडीचं झाकण खराब झालं. ताईंनी बाजारातून नवं आणलं, आतली रबरी चकती, स्प्रिंग, सगळं उलटंपालटं करून बघितलं, आणि बसवायला दिलं. आठवड्यात नरसिंहची गाडी मलकपेटला वाफ सोडत उभी राहिली. सुदैवाने तो पेटी देऊन परत येत होता. पाहिलं तर झाकण गाडीला लागतं त्यापेक्षा कमी दाबाचं निघालं. दाबाचा आकडा झाकणाच्या वरच्या बाजूला, दिवसाढवळ्या वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात कोरलेला.

ताई ते झाकण हातात घेऊन बाकावर बसल्या. मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. म्हणाल्या, "मी मागं बघत बसले. आकडा पुढं होता." मग स्वतःच हसल्या. पण हसण्यावर सोडलं नाही. मला कागद घ्यायला सांगितला आणि डॉक्टरांना कळवलं: झाकण निवडताना माझ्याकडून चूक झाली, दाब तपासला नाही, नरसिंहचा दोष नाही. नरसिंह तिथेच होता. तो तेलुगूत म्हणाला, "अम्मा, कुणाला कळलंही नसतं."

"तुला कळलं ना," ताई म्हणाल्या.

ती चिठ्ठीच पुढच्या वर्षी त्यांच्या अंगावर आली. तीन नंबरच्या गाडीच्या इंजिनातून घरघर यायला लागली. शोरूमला ते कळलं, त्यांच्याकडून देणगीदारांना. तोवर शोरूमचा माल सुरळीत यायला लागला होता, पण ताई यूसुफभाईंकडूनच आणत होत्या. एके सकाळी संस्थेच्या समितीची बैठक बोलावली गेली. देणगीदार स्वतः आले, सोबत तो सर्व्हिस मॅनेजर. मला लिहून घ्यायला बसवलं होतं. झाकणाची चिठ्ठी टेबलावर होती.

देणगीदार रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, "मी चांगल्यातली चांगली गाडी दिली. तुम्ही तिच्यात रस्त्यावरचा माल घातलात. का? माझ्याकडे मागितलं असतंत तर मी दिलं नसतं?"

"तुम्ही दिलं असतं, साहेब," ताई म्हणाल्या. "पण तुमच्याकडेही ते कूलंट नव्हतं. त्या मे महिन्यात ते कुणाकडेच नव्हतं." त्यांनी शोरूमचा शिक्क्याचा कागद पुढे ठेवला.

मॅनेजर म्हणाला, "तेव्हाचं सोडा. आज इंजिन खराब झालंय ते बाहेरच्या मालानेच. मॅडमनी स्वतः चूक कबूल केलीय."

"झाकणाची केलीय. ह्याची नाही. हे आपण उघडून बघू या."

"आमच्या वर्कशॉपला पाठवा, आम्ही रिपोर्ट देतो."

"नाही. इथं, सगळ्यांसमोर. आणि उघडेल तुमचाच मेकॅनिक. माझ्या माणसानं उघडलं तर तुम्ही म्हणाल आधीच साफ करून आणलंय."

डॉक्टर मध्येच म्हणाले, "मॅडम, एवढं ताणायची गरज आहे का? पुन्हा शोरूमचं वापरू, विषय संपला."

ताई त्यांच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सर, पुन्हा कधीतरी माल अडकेल. तेव्हा माझ्या जागी जो असेल त्याला भीती वाटेल, की सुनंदा मॅडमचं काय झालं बघा. मग तो परत बोअरचं पाणी घालेल. म्हणून आज काय ते ठरू द्या. माझी चूक निघाली तर आजच मी ही जागा सोडते. ते मी लिहून आणलंय." आणि खरंच त्यांनी कागद काढला. तो मी लिहिलेला नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताने, अडखळत्या इंग्रजीत लिहिला होता.

शोरूमचा मेकॅनिक आला. आवारात सतरंजी पसरून त्यावर त्याने इंजिनात कूलंट फिरवणारा पंप उघडला. देणगीदार खुर्चीवर बसले, बाकी आम्ही गोल उभे. पंपाचं झाकण निघालं, आतलं पातं निघालं, कूलंट फिरतं त्या वाटा दिसल्या. स्वच्छ होत्या. थर नाही, गंज नाही. मग मेकॅनिकने बेअरिंग बाहेर काढलं, बोटावर फिरवलं. घरघर तिथूनच येत होती.

"हे झिजलंय," तो म्हणाला.

मॅनेजर म्हणाला, "हेच सांगत होतो. लोकल बेअरिंग."

ताईंनी तीन नंबरचं कार्ड पुढे केलं. त्या गाडीचं बेअरिंग कधी बदललेलंच नव्हतं. ते शोरूममधून गाडीबरोबर आलेलं होतं. बाजारातलं बेअरिंग बसवलं होतं ते पाच नंबरला, आणि ती गाडी त्या वेळी पेटी घेऊन चादरघाटला गेलेली होती.

मला वाटलं आता ताई काहीतरी ऐकवतील. त्या मॅनेजरला म्हणाल्या, "तुमच्या मालाला मी नाव ठेवत नाही. बेअरिंग आहे, फिरतंय, एक दिवस झिजणारच. दोघांचंही झिजेल. मला फक्त बघून घेऊ द्या."

देणगीदारांनी ते कार्ड मागून घेतलं. बराच वेळ वाचलं. रक्तगटाच्या चौकटीत काय लिहिलंय ते दिसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. उठताना म्हणाले, "पुढच्या वेळी गाड्या द्यायच्या असतील तर आधी तुम्हाला विचारतो." वॉरंटी मात्र शोरूमने नाकारली ती नाकारलीच. मी म्हटलं, आपण तक्रार करू या. ताई नको म्हणाल्या. गाड्या चालू आहेत, माझं भांडण तेवढ्यासाठीच होतं, असं म्हणून त्यांनी स्वतःचा तो कागद माझ्यासमोर फाडला आणि कामाला लागल्या.

डॉक्टरांचा एक महिना असा जवळजवळ चार वर्षं चालला.

याच वर्षांत ताईंच्या घरात दुसरीच ओढाताण चालू होती, ती आम्हाला उशिरा कळली. त्यांचे यजमान सरकारी नोकर. कोण कुठल्या राज्याचा हे शाळा कुठे झाली त्यावरून ठरे. त्यांची शाळा नांदेडला झालेली, त्यामुळे नियमाप्रमाणे ते ना इकडचे ठरले ना तिकडचे, आणि वाटपात नाव आंध्रच्या यादीत गेलं. आधी कार्यालय हैदराबादेतच होतं, मग ते विजयवाड्याला हललं. वर्षभर ते शनिवारी येत आणि रविवारी परत जात. मग त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि ताईंनी राजीनामा दिला. पेन्शनला दोन-तीन वर्षं कमी पडत होती. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "त्यांना तिथं भाकरी कोण देणार? तिकडं ज्वारी मिळत नाही म्हणतायत."

निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. शेवटच्या दिवशी वाजिद आणि नरसिंहला घेऊन पुतलीबावलीला गेल्या, यूसुफभाईंशी त्यांची नीट ओळख करून दिली, आणि तिथूनच घरी गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोनएक वर्षांनी एका लग्नासाठी विजयवाड्याला गेलो होतो. त्यांच्या घरी गेलो तर यजमानांनी दार उघडलं. तब्येत बरी दिसत होती. म्हणाले, "ती सकाळची सरकारी दवाखान्यात असते. पगार नाही काही. तिची तीच गेली एक दिवस, आता दवाखान्यातल्यांना तिला सोडवत नाही." मला परतीची गाडी होती, तरी मी तिकडे गेलो.

रक्तसाठ्याच्या खोलीला मोठी काच होती. आत ताई उभ्या होत्या, पांढरा कोट घातलेल्या, केस बरेच पिकलेले. टेबलामागे एक तरुण अधिकारी बसला होता आणि दोन नर्स भिंतीशी उभ्या होत्या. ताई त्याला तेलुगूत काहीतरी सांगत होत्या. आमच्याकडची हैदराबादी तेलुगू, निम्मे शब्द उर्दू. तो हसत होता, बहुधा त्या भाषेलाच. एक नर्सही तोंडावर हात धरून हसली. ताई थांबल्या नाहीत. शब्द सापडेना तेव्हा हाताने दाखवलं, तेही कळेना तेव्हा कोपऱ्यातल्या फ्रीजपाशी गेल्या, दार उघडलं, आतला तापमानाचा काटा किती वर गेलाय ते दाखवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. अधिकाऱ्याचं हसू हळूहळू कमी झालं. तो खुर्चीतून उठला आणि फ्रीजकडे आला.

तेवढ्यात ताईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उजळली. त्यांनी हात वर केला, तळवा माझ्याकडे करून: थांब जरा. आणि वाक्य न तोडता पुढे बोलत राहिल्या.

मी थांबलो. घड्याळ बघितलं, आणखी थोडा थांबलो. आत आता तो अधिकारी फ्रीजपुढे वाकून बघत होता आणि एक नर्स कागद आणायला धावली होती. मला निघणं भाग होतं. मी काचेपाशी जाऊन नमस्कार केला. ताईंनी बोलता बोलताच मान हलवली, हसल्या, आणि लगेच वळून त्या वाकलेल्या माणसाला बोटाने काहीतरी दाखवू लागल्या.